दोन वह्यांचा संगणक आणि त्याची रुजवात

आपल्या व्यापारी बांधवांच्या गादीवरून लाल पुठ्ठ्याच्या वह्या आता हळूहळू नाहीशा होत आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून लहान व्यापाऱ्यालाही बिले आणि विवरणपत्रे यांसाठी संगणकाचा आधार घ्यावा लागला. पुष्कळांनी बाजारातील तयार प्रोग्रॅम घेतले. काहींच्या घरी बी.सी.ए. किंवा आय.टी. शिकलेला मुलगा, पुतण्या, भाचा आहे. त्याने दुकानाच्या गरजेप्रमाणे प्रोग्रॅम तयार करून दिला. त्यावरच मालाची यादी इंटरनेटवर गेली, ग्राहक मोबाईलवर माल पाहू लागले, कारीगरांची मजुरीही त्यातच लिहिली जाऊ लागली.

धंदा वाढला की हा प्रोग्रॅमही वाढतो. एका ठिकाणी ठेवलेली माहिती दोन-तीन ठिकाणी ठेवावी लागते. सॉफ्टवेअर करणारा सांगतो, "सेठ, सर्व टेस्ट केले आहे, सर्व पास आहे." आपण मान डोलावतो. परंतु माहिती दोन ठिकाणी असेल तर "पास" या शब्दाचा अर्थ काय, कोणती वही उघडून पाहिली, दुसरी वही खरोखर पाहिली की नाही, हे आपण विचारत नाही. प्रस्तुत लेखात याच गोष्टीचा खुलासा करण्याचा आमचा इरादा आहे. आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे, म्हणून उदाहरणेही कापडाचीच देत आहोत. इतर धंद्यांतील बांधवांनी त्या जागी आपला माल समजून घ्यावा.

या गोष्टीचे महत्त्व केवळ नफ्या-तोट्यापुरते नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत, म्हणजे सूरह अल-बकराची २८२ वी आयत, उधारीच्या व्यवहाराची लिखापढी कशी करावी याविषयी आहे. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि साक्षीदार ठेवावेत, अशी ताकीद तीत आहे. आज आपल्या दुकानात लिहिणारा संगणक आहे. तो बरोबर लिहितो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच आहे.

डेटाबेस म्हणजे वही

संगणकात ज्या ठिकाणी नोंदी रकान्यांत लिहून ठेवल्या जातात, त्याला डेटाबेस म्हणतात. आपल्या भाषेत ती वहीच. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूलाईट ही अशा वह्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांची नावे आहेत. या वहीशी बोलण्यासाठी प्रोग्रॅमला एक जोडणी करावी लागते, तिला कनेक्शन म्हणतात. वही एक असेल तर जोडणी एक, वह्या दोन असतील तर जोडण्या दोन.

वेब फ्रेमवर्क म्हणजे वेबसाईट उभी करण्याचा तयार सांगाडा. प्रत्येक कारीगर माग स्वतः घडवीत नाही, तयार मागावर ताणा चढवून आपले कापड विणतो, तसेच हे आहे. लॉगिन, पाने, वहीशी जोडणी ही कामे सांगाड्यात आधीच केलेली असतात. जांगो, रेल्स आणि लाराव्हेल ही तीन नावे आपल्या मुलांच्या तोंडी नेहमी ऐकू येतात. खुलाशासाठी आम्ही जांगो घेत आहोत, कारण दोन वह्यांच्या चाचणीचे त्याचे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत आणि तो फुकट मिळतो.

जांगोची थोडक्यात हकीकत अशी. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील एका वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी वेबसाईटचे काम झटपट व्हावे म्हणून हा सांगाडा बनविण्यास सुरुवात केली. जुलै २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला करण्यात आला. जांगो राईनहार्ट या गिटारवादकाच्या नावावरून त्याचे नाव पडले. प्रारंभी त्यात एका प्रोग्रॅमला एकच वही, अशी व्यवस्था होती. २००९ साली ॲलेक्स गेनर या विद्यार्थ्याने गूगलच्या उन्हाळी योजनेत अनेक वह्यांचे काम हाती घेतले, आणि मे २०१० मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीत ती सोय सर्वांना मिळाली.

एकाच्या दोन वह्या का होतात?

याची तीन कारणे सामान्यतः आढळतात.

पहिले कारण गर्दी. माल पाहणारे शेकडो असतात, घेणारे थोडे. सर्वांनी एकाच वहीवर गर्दी केली तर बिल करणाऱ्याचे काम अडते. म्हणून मूळ वहीची एक नक्कल ठेवतात. लिहायचे मूळ वहीत, पाहणाऱ्यांनी पाहायचे नकलेत. मूळ वहीतील नोंदी मागोमाग नकलेत उतरत राहतात. या नकलेला संगणकवाले रिप्लिका म्हणतात.

दुसरे कारण जुना माल. दुकानात आधीपासून हिशोबाचा एक प्रोग्रॅम चालू असतो, त्याची वही वेगळी. नवीन वेबसाईट आली, तिची वही वेगळी. दोन्ही चालू ठेवणे भाग असते.

तिसरे कारण परदा. मजुरी, उचल, उधारी ही माहिती सर्व नोकरांनी पाहावी असे नसते, म्हणून ती वेगळ्या वहीत ठेवतात.

आता एक उदाहरण मनात धरू या. समजा, भिवंडीतील एका व्यापाऱ्याकडे तीन वह्या आहेत. एक माल वही, तीत गोदामातील तागे. दुसरी त्याच माल वहीची नक्कल, ग्राहकांना पाहण्यासाठी. तिसरी मजुरी वही, तीत कारीगरांची मजुरी आणि उचल. लेखाच्या शेवटपर्यंत हेच दुकान आपल्यासमोर राहील.

राऊटर नावाचा मुनीम

तीन वह्या असल्या की कोणती नोंद कोठे करायची, हे सांगणारा कोणी तरी लागतो. जांगोमध्ये हे काम राऊटर करतो. त्याला चार प्रश्न विचारले जातात. वाचायचे कोठून? लिहायचे कोठे? दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध जोडू द्यायचा की नाही? आणि कोणत्या वहीत कोणते रकाने आखायचे? राऊटरने उत्तर दिले नाही तर जांगो आपल्या नेहमीच्या रिवाजाने जातो. नोंद ज्या वहीतून काढली होती तिच्यातच परत, आणि तेही ठाऊक नसेल तर मुख्य वहीत. मुख्य वहीला तेथे डिफॉल्ट हे नाव आहे.

राऊटर हा चार-पाच ओळींचा लहानसा प्रोग्रॅम असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण मुनीमाने खतावणीची नोंद चुकून दुसऱ्याच खात्यावर टाकली तर पुढचा सगळा हिशोब जसा बिघडतो, तसेच येथेही होते.

घोटाळा होण्याच्या तीन जागा

पहिली जागा नकलेचा उशीर. मूळ वहीतील नोंद नकलेत उतरण्यास वेळ लागतो. बहुतेक वेळा तो डोळ्याची पापणी लवण्याइतका असतो, पण कामाचा ताण वाढला की तो वाढतो. माल वहीत ४० तागे आहेत. एका ग्राहकाने ३० घेतले. मूळ वहीत १० राहिले, नकलेत अजून ४० दिसतात. त्याच क्षणी दुसऱ्याने २५ ची मागणी केली. प्रोग्रॅमने शिल्लक नकलेत पाहिली आणि मागणी मान्य केली. गोदामात ४० तागे असताना ५५ विकले गेले. जो माल आपल्याजवळ नाही तो विकू नये, असे हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. दुकानदाराची नियत साफ असतानाही त्याच्या यंत्राने त्याच्या हातून तेच करविले.

जांगोच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की, मूळ आणि नक्कल यांच्या मांडणीचा जो नमुना तेथे दिला आहे, त्यात या उशिरावर काही इलाज नाही. तो इलाज प्रोग्रॅम करणाऱ्याने स्वतः करावयाचा असतो. रेल्सच्या ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या ६.० या आवृत्तीत एक सोय आहे. ती चालू केली तर एखाद्याने काही लिहिल्यावर पहिले २ सेकंद त्याचे वाचनही मूळ वहीतूनच होते. लाराव्हेलमध्ये एकाच विनंतीच्या कामात लिहिल्यानंतरचे वाचन मूळ वहीकडे वळविण्याची सोय आहे. पण या दोन्ही सोयी ज्याने लिहिले त्याच्यापुरत्या आहेत. आपल्या उदाहरणातील दुसऱ्या ग्राहकाला त्यांचा उपयोग नाही. म्हणून विक्रीच्या वेळची शिल्लक नेहमी मूळ वहीतच पाहिली पाहिजे, आणि पाहून वजा करीपर्यंत ती नोंद दुसऱ्या कोणास बदलता येऊ नये.

दुसरी जागा अर्धा व्यवहार. डेटाबेसचा एक चांगला गुण असा की, काही नोंदी एका गाठोड्यात बांधता येतात. झाल्या तर सर्व होतील, नाही तर एकही होणार नाही. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. परंतु हे गाठोडे एकाच वहीपुरते असते. समजा, कारीगराने ६ तागे आणून दिले, मजुरी दर ताग्यास २५० रुपये. माल वहीत ६ तागे वाढले, आणि मजुरी वहीत १,५०० रुपये जमा होण्यापूर्वी वीज गेली किंवा जोडणी तुटली. माल मालकाकडे पोचला, मजुरीची नोंद नाही.

काही मुले सांगतात, "आम्ही एका गाठोड्यात दुसरे गाठोडे ठेवले आहे, त्यामुळे धोका नाही." याने धोका कमी होतो हे खरे. मध्येच चूक झाली तर दोन्ही गाठोडी सुटतात. परंतु सर्व नीट झाल्यावर आतले गाठोडे आधी पक्के होते, बाहेरचे नंतर. या दोहोंच्या मध्ये जोडणी तुटली तर एक वही पक्की आणि दुसरी कोरी राहते.

तिसरी जागा दोन वह्यांमधील धागा. एकाच वहीत कारीगराची नोंद आणि त्याची मजुरी असेल तर डेटाबेस पहारा देतो. ज्याची मजुरी शिल्लक आहे त्या कारीगराचे नाव तो सहजासहजी पुसू देत नाही. पण कारीगराचे नाव माल वहीत आणि मजुरी मजुरी वहीत असेल, तर हा पहारा नाहीसा होतो. दोन वेगळ्या डेटाबेसांमध्ये असा धागा जोडण्याची सोय जांगो देत नाही. एखाद्याने माल वहीतून १७ नंबरच्या कारीगराचे नाव काढले, तर मजुरी वहीत १७ नंबरची रक्कम राहते, पण ती कोणाची हे सांगणारा कोणी राहत नाही.

चाचणी कशी होते?

आता मुख्य विषयाकडे येऊ. प्रोग्रॅमची चाचणी दुसरा एक प्रोग्रॅमच घेतो. जांगो चाचणीसाठी खऱ्या वह्यांना हात लावीत नाही. तो कोऱ्या वह्या आखतो, त्यांच्या नावामागे "टेस्ट" हा शब्द लावतो, त्यांत खोटे व्यवहार करून पाहतो आणि काम झाल्यावर त्या फाडून टाकतो. एका चाचणीत असे लिहिलेले असते : १७ नंबरच्या कारीगराने ६ तागे आणले, आता माल वहीत ६ वाढले का पाहा, मजुरी वहीत १,५०० जमा झाले का पाहा. आकडे जुळले तर पास, नाही जुळले तर नापास.

प्रत्येक चाचणीनंतर वही पुन्हा कोरी व्हावी लागते. पहिल्या चाचणीतील १,५०० रुपये वहीत तसेच राहिले, तर दुसरी चाचणी ३,००० पाहून नापास होईल. किंवा त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्या चाचणीला जी रक्कम स्वतः जमा करायची होती ती आधीच तेथे पाहून ती चुकीने पास होईल.

दोन वह्यांची अडचण नेमकी येथेच आहे. जांगोची नेहमीची चाचणी केवळ मुख्य वही तयार ठेवते आणि तीच कोरी करते. दुसऱ्या वह्या हव्या असतील तर तसे सांगावे लागते. १.२ या आवृत्तीपासून यासाठी "मल्टी डीबी" नावाची एक खूण होती, ती केली की सर्व वह्या कोऱ्या होत. ज्याने ती खूण केली नाही, त्याच्या चाचणीत दुसऱ्या वहीतील नोंदी एका चाचणीतून दुसरीत वाहत जाऊ शकत, आणि कोणी ओरडत नसे.

एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत हा रिवाज बदलला. आता प्रत्येक चाचणीने आपण कोणकोणत्या वह्या उघडणार, त्यांची नावे आधीच द्यावी लागतात. सर्व वह्या हव्या असतील तर तसेही लिहिता येते. नाव न दिलेल्या वहीला चाचणीने हात लावला की ती तेथेच अडविली जाते आणि नापास ठरते. आमच्या मते हा बदल फार मोलाचा आहे. यामुळे प्रोग्रॅम गुपचूप कोणत्या वहीत हात घालतो, हे बाहेर येते. माल वहीचे काम करणारा भाग मजुरी वहीतही काही लिहीत होता, असे निघाले तर ते चाचणीत निघालेले बरे.

परंतु काही घाईची मुले येथे पळवाट काढतात. चाचणी अडली की सर्वच वह्यांची परवानगी देऊन मोकळी होतात. मग अडविणाराच राहत नाही. ज्या चाचणीला जी वही लागते, तेवढ्याच वहीचे नाव द्यावे, हा नियम ठेवावा.

आरशातली वही

नकलेच्या वहीची गोष्ट आणखी निराळी आहे. चाचणीच्या वेळी मूळ वही कोरी, नक्कलही कोरी. खऱ्या ठिकाणी मूळ वहीतून नकलेत नोंदी उतरविणारी यंत्रणा असते, चाचणीत ती नसते. म्हणून मूळ वहीत ४० तागे लिहिले तरी नकलेत शून्यच दिसणार आणि सर्व चाचण्या नापास होणार.

यावर जांगोने एक तोड ठेवली आहे. तिला मिरर, म्हणजे आरसा, असे नाव आहे. ही सूचना दिली की चाचणीत नकलेची वेगळी वही आखलीच जात नाही, नकलेची जोडणी मूळ वहीकडेच वळविली जाते. मूळ वहीत लिहिलेले नकलेत लगेच दिसते, कारण दोन्ही एकच वही आहे.

वाचकांनी ही बाब नीट ध्यानात घ्यावी. आरशात उशीर नसतो. ज्या चाचणीत नक्कल हा मूळ वहीचाच आरसा आहे, त्या चाचणीत नकलेच्या उशिराचा घोटाळा कधीही दिसू शकत नाही. ४० तागे असताना ५५ विकणारा प्रोग्रॅम तेथे खुशाल पास होईल. म्हणजे सॉफ्टवेअरवाला "सर्व पास" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. त्याने जे तपासले ते पास आहे. ज्या घोटाळ्याची भीती आहे तो मात्र त्याने तपासलेला नाही.

मग करावे काय? एक म्हणजे, राऊटरचीच वेगळी चाचणी घ्यावी. विक्रीच्या वेळी शिल्लक पाहण्याचे काम आले की राऊटर मूळ वहीचेच नाव सांगतो का, हे तपासावे. यासाठी खरी नक्कल लागत नाही. दुसरे म्हणजे, एक चाचणी आरसा काढून घ्यावी. मूळ वहीत १० आणि नकलेत मुद्दाम जुने ४० लिहून ठेवावेत, आणि २५ ताग्यांची मागणी करावी. प्रोग्रॅमने ती नाकारली तर खरा पास.

घोटाळा मुद्दाम करून पाहणे

अर्ध्या व्यवहाराची चाचणीही अशीच घ्यावी लागते. सर्व सुरळीत असताना आकडे जुळतात, यात नवल नाही. माल वहीत ६ तागे लिहून झाल्यावर मजुरी वही मुद्दाम बंद पाडावी आणि काय उरते ते पाहावे. तागे ६ आणि मजुरी शून्य, असे दिसले तर प्रोग्रॅम परत पाठवावा.

याचा इलाज दोन प्रकारे होतो. सर्वांत साधा इलाज असा की, ज्या दोन नोंदी एकत्रच व्हायला हव्यात, त्या एकाच वहीत ठेवाव्यात. परदा हवा असेल तर कोणाला काय दिसावे याचे बंधन घालता येते, त्यासाठी वही वेगळी करण्याची गरज नसते. गरजेवाचून वह्या वाढवू नयेत, असेच आम्ही सुचवू.

वह्या वेगळ्या ठेवणे भागच असेल, तर माल वहीत तागे लिहितानाच, त्याच गाठोड्यात, "१७ नंबरला १,५०० जमा करणे बाकी" अशी एक चिठ्ठीही लिहावी. मग दुसरे एक काम ती चिठ्ठी उचलून मजुरी वहीत जमा करील आणि चिठ्ठीवर "झाले" अशी खूण करील. मध्ये वीज गेली तरी चिठ्ठी शिल्लक राहते. मात्र एकच चिठ्ठी दोनदा उचलली गेली तर मजुरी दोनदा जमा होऊ नये, म्हणून प्रत्येक चिठ्ठीला नंबर हवा, आणि त्या नंबराची नोंद मजुरी वहीत आधीच असेल तर ती पुन्हा घेऊ नये. हीसुद्धा चाचणीची बाब आहे. तीच चिठ्ठी दोनदा देऊन पाहावी, जमा एकदाच झाली पाहिजे.

याखेरीज रोजची रुजवात हवीच. आपले वाडवडील किर्दीवरून खतावणी करीत आणि तेरीज काढून दोन्ही बाजू जुळवीत. तेरीज जुळली नाही तर दुकान बंद करूनही रात्री बसत. संगणकाने तेच करावे. दररोज रात्री आलेले तागे गुणिले दर, आणि जमा झालेली मजुरी, यांचा मेळ घालावा. फरक आला तर मालकाच्या मोबाईलवर कळवावे. चाचणी प्रोग्रॅम सुरू करण्यापूर्वीची आहे, रुजवात रोजची आहे. एकीमुळे दुसरी टळत नाही.

आणखी एक बाब. प्रोग्रॅममध्ये नवीन रकाना आला, तर जांगो तो एका वेळी एकाच वहीत आखतो. वहीचे नाव न दिल्यास मुख्य वहीत आखतो. दुसऱ्या वहीसाठी पुन्हा वेगळा हुकूम द्यावा लागतो. चाचणीच्या वेळी लागणाऱ्या वह्या तो स्वतःच आखून घेतो, म्हणून चाचणी पास होते. खऱ्या ठिकाणी दुसरा हुकूम देण्याचे राहून गेले तर दुसरी वही जुन्याच रकान्यांची राहते. म्हणून नवी आवृत्ती चढविल्यावर दोन्ही वह्यांतून एक-एक नोंद काढून पाहावी.

विचारावयाचे प्रश्न

प्रोग्रॅम कोणत्याही सांगाड्यावर केलेला असो, पुढील प्रश्न विचारण्यासाठी मालकाला संगणक शिकण्याची गरज नाही.

१) आमची माहिती एकूण किती वह्यांत आहे, आणि प्रत्येक वही वेगळी ठेवण्याचे कारण काय?

२) विक्रीच्या वेळी शिल्लक कोणत्या वहीत पाहिली जाते, मूळ की नक्कल?

३) चाचणीत नक्कल खरी होती की आरसा? नकलेत जुना आकडा ठेवून चाचणी घेतली आहे का?

४) प्रत्येक चाचणीनंतर दुसरी वहीही कोरी होते का?

५) एका वहीत लिहून झाल्यावर दुसरी बंद पडली तर काय उरते? करून दाखवा.

६) कारीगराचे किंवा ग्राहकाचे नाव काढले तर त्याच्या रकमेचे काय होते?

७) रोजची रुजवात कोण करतो, आणि फरक आल्यास कोणाला कळते?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये, समोर बसून पाहावे. चांगला प्रोग्रॅम करणारा या प्रश्नांनी नाराज होणार नाही, उलट त्याला हुरूप येईल. घरचाच मुलगा असेल तर त्याला चाचण्या लिहिण्यासाठी वेळ द्यावा आणि त्या वेळेचे मोलही द्यावे. चाचणीत नवीन बटण दिसत नाही, नवीन पान दिसत नाही, म्हणून पुष्कळ मालकांना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. मापाची पट्टी तपासण्यात गेलेला वेळ आपण फुकट मानत नाही, तसेच यालाही मानावे.

कारीगराचा हक्क

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पूर्वी कारीगराजवळ त्याची छोटी वही असे. मुनीमजी आपल्या वहीत लिहीत आणि कारीगराच्या वहीतही लिहून देत. आकड्यात फरक पडला तर दोन वह्या समोर ठेवून बोलणे होत असे. आता कारीगराची वही गेली. त्याची मजुरी, त्याची उचल, सर्व मालकाच्या संगणकात. फरक पडला तर तो म्हणतो, "सेठ, मी ६ तागे आणून दिले होते." मालक पडद्याकडे पाहतो आणि म्हणतो, "येथे तर काही नाही." यंत्राचा शब्द खरा आणि गरिबाचा खोटा ठरतो. विकलेला माल कमी पडला तर ग्राहक भांडून पैसे परत घेईल. कारीगर मात्र दुसऱ्या दिवशी मागावर बसायचे म्हणून गप्प बसेल.

हा हुकूकुल इबादचा, माणसांच्या हक्कांचा मामला आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्यापूर्वी द्यावी, ही शिकवण आपण व्यासपीठांवरून ऐकतो. ज्या मजुरीची नोंदच वाटेत हरवली, ती वेळेवर कशी दिली जाईल? म्हणून तागे घेताच कारीगराच्या मोबाईलवर संदेश जावा, किंवा त्याच्या हाती छापील चिठ्ठी द्यावी : इतके तागे, इतकी मजुरी, इतकी उचल बाकी. आणि ती चिठ्ठी मजुरी वहीत नोंद पक्की झाल्यावरच निघावी, आधी नाही. चाचण्यांच्या यादीत ही चाचणी सर्वांत वर लिहावी. मग दुकानातील दोन वह्यांखेरीज तिसरी साक्ष कारीगराच्या हाती राहील, आणि संगणक चुकला तर ते सांगणारा कोणी तरी असेल.

अल्लाह आपल्या सर्वांना हिशोबात दियानतदारी आणि रोजीत बरकत देवो. आमीन.